उत्तर मंगळवार आहे

चेंबनमला गावच्या करुणालय वृद्धाश्रमात तेवीस म्हातारी माणसं राहत होती. त्यांतल्या किती जणांना विसरण्याचा आजार आहे हे मोजायला डॉक्टर येणार, ही बातमी सकाळी आली आणि दुपारपर्यंत निम्मी माणसं ती विसरूनही गेली. उरलेल्या निम्म्यांनी त्यांना ती परत सांगितली. त्यामुळे त्या दिवशी ही बातमी करुणालयात चार वेळा नव्याने आली आणि चारही वेळा सारखीच खळबळ उडाली.

शोशम्मा टीचरांना मात्र ती एकदाच सांगावी लागली, आणि त्या लगेच हिशोबाला लागल्या.

सिस्टर लिल्लीने पेज वाढता वाढता सगळं सांगून टाकलं होतं. मेडिकल कॉलेजचा एक तरुण डॉक्टर खेड्यांतल्या वृद्धाश्रमांची पाहणी करतोय. येत्या मंगळवारी नव्हे, त्याच्या पुढच्या मंगळवारी तो इथे येईल. ज्यांना आजार निघेल त्यांची यादी फादर सखरिया घेतील, आणि त्या लोकांना तालुक्याच्या गावी चर्चच्या नव्या केंद्रात हलवतील. तिथे खास नर्सेस आहेत, भिंतींना धरायला दांडे आहेत आणि फाटकाला कुलूप आहे.

"नवराबायको असतील तर?" टीचरांनी विचारलं. सबंध करुणालयात नवराबायको एकच जोडी होती, त्यामुळे प्रश्न तसा आडून विचारलेला नव्हता.

"केंद्रात फक्त पेशंट, टीचर. सोबतीला कुणाला ठेवत नाहीत."

टीचरांच्या शेजारी त्यांचे यजमान कुरुविला बसले होते. पेजेच्या ताटलीची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती आणि ती ते हळूहळू डावीकडे वळवत होते. छत्तीस वर्षं त्यांनी सरकारी बस चालवली होती. हल्ली हातात काहीही गोल आलं की ते त्या वस्तूला घाटातून सुखरूप खाली नेत.

"अच्चाया, पेज सांडतेय," टीचर म्हणाल्या.

"वळण आहे," कुरुविला म्हणाले.

गेल्या महिन्यात ते फाटकातून बाहेर पडून पार जंक्शनपर्यंत गेले होते आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहून आपली साडेपाचची बस कुणी नेली म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला जाब विचारत होते. एका रिक्षावाल्याने त्यांना परत आणून सोडलं. टीचरांनी सिस्टरला सांगितलं की ते फिरायला गेले होते. चौतीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईने आयुष्यात सांगितलेल्या थापा एका हाताच्या बोटांवर मावल्या असत्या. ही दुसरी होती.

त्या रात्री टीचरांनी नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात फोन लावला. तिथे मरियकुट्टी राहत होती. ती टीचरांच्याच शाळेत हिंदी शिकवायची.

"तुमच्याकडे येऊन गेला का गं तो डॉक्टर?"

"गेल्या आठवड्यात. गोरागोमटा आहे. टिजो नाव. पण शोशम्मे, प्रश्न अगदी बालवाडीचे."

"सांग."

"पेपर फोडू?"

चौतीस वर्षांत त्यांनी कॉपी करणारे एकशे बारा विद्यार्थी पकडले होते. त्यांतला एक पुढे आमदार झाला, तोही मान खाली घालून भेटायचा.

"फोड," त्या म्हणाल्या.

प्रश्न पाच होते. आज वार कोणता. आपण कुठे आहोत. शंभरातून सात गेले किती. घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. आणि तीन शब्द लक्षात ठेवून शेवटी परत सांगा. शब्द होते छत्री, फणस आणि विहीर.

"तू पास झालीस ना?" टीचरांनी विचारलं.

"मला हिंदीत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी मिळाले असते," मरियकुट्टी म्हणाली, आणि विषय बदलून जेवण झालं का ते विचारलं.

रविवारी चर्चमधली मिस्सा प्रार्थना झाल्यावर मागच्या ओसरीत शिकवणी सुरू झाली. विद्यार्थी एकच होता. टीचरांनी बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा भिंतीला टेकवला आणि त्यावर कोळशाने मोठ्या अक्षरांत लिहिलं: मंगळवार.

"अच्चाया, आज वार कोणता?"

कुरुविलांनी आकाशाकडे पाहिलं. "गर्दीवरून तर रविवार वाटतोय."

"आज रविवारच आहे. पण परीक्षा मंगळवारी आहे. परीक्षेत 'आज' म्हणजे परीक्षेचा दिवस. म्हणून उत्तर मंगळवार."

"मग रविवारी कोण गेलं?"

"बरं, ते राहू दे. आपण कुठे आहोत?"

"इथे गाडी दोन मिनिटं थांबेल," कुरुविला गंभीरपणे म्हणाले. "उतरू नका."

तीन शब्दांसाठी टीचरांनी पुठ्ठ्यावरच चित्र काढलं. विहिरीच्या काठी फणसाचं झाड, आणि झाडाखाली छत्री घेतलेला माणूस. कुरुविलांनी ते चित्र बराच वेळ निरखलं.

"फणसाखाली छत्री कशाला धरलीय? फणस डोक्यात पडला तर छत्रीचं काय राहणार आणि माणसाचं काय राहणार? तो नीट विहिरीतच जाईल."

"म्हणजे शब्द कोणते?"

"कसले शब्द?"

टीचरांनी वही उघडली. शाळेतली सवय होती. वर्ग घेतला की गुण मांडायचेच. पाच प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. पहिल्या रकान्यात त्यांनी 'कुरुविला' लिहिलं आणि पुढे शून्य काढलं. शून्य अगदी गोल आलं.

दुसऱ्या दिवशी ओसरीच्या कठड्यापलीकडून पोत्तन डोकावले. ते दारूबंदी खात्यातून निवृत्त झाले होते. कुठे काही लपवाछपवी चालली असेल तर त्याचा वास त्यांना अजूनही येई.

"टीचर, काय चाललंय?"

"काही नाही."

"पुठ्ठ्यावर मंगळवार लिहिलंय आणि आज सोमवार आहे. हा भ्रष्टाचार आहे. मला पण बसायचंय."

नकार दिला तर पोत्तन सिस्टरकडे जातील हे टीचरांना कळत होतं. त्यांनी त्यांना बसवून घेतलं. पोत्तन आले म्हणून त्यांच्या खोलीतले दोघे आले. ते आले म्हणून शेजारच्या खोलीतल्या रहेलम्मा आल्या. शिकवणीला जायचं सोडून घरी बसणं म्हणजे मागासलेपणा, हे त्या भागात लहानपणापासून माणसाच्या अंगात भिनलेलं असतं. वयाच्या ऐंशीव्या वर्षीही ते जात नाही. बुधवारपर्यंत ओसरीत बावीस विद्यार्थी झाले. काठीच्या आधाराने येणाऱ्यांना पुढची जागा मिळाली. पाटावर कोण बसणार यावरून दोन विधवांचं भांडण झालं आणि तीन दिवस त्या एकमेकींशी बोलल्या नाहीत. त्यातल्या एकीला भांडण कशावरून झालं ते दुसऱ्या दिवशीच आठवेना, पण अबोला तिने कर्तव्य म्हणून पुढे चालवला.

सिस्टर लिल्लीला वाटलं, जपमाळ चाललीय. आवाज तसाच यायचा. टीचर म्हणायच्या, "वार?" आणि बावीस गळे म्हणायचे, "मंगळवार." "शंभर वजा सात?" "त्र्याण्णव." "छत्री?" "फणस, विहीर." सिस्टर लांबूनच क्रुसाची खूण करायची आणि पुढे जायची.

टीचर रोज एकेकाला उभं करून तपासत आणि वहीत गुण लिहीत. पोत्तनना दुसऱ्या दिवसापासूनच दहापैकी दहा. त्यांच्यासारखे आणखी आठ जण होते. आठ, नऊ, दहा. उरलेल्या तेरा जणांचे आकडे मात्र हलत नव्हते. एक, शून्य, दोन, शून्य. रहेलम्मांना रोज वाटायचं की शिकवणीचा आज पहिलाच दिवस आहे. त्या दरवेळी नवा पदर नीट करून यायच्या आणि दरवेळी म्हणायच्या, "माझं गणित कच्चं आहे हो टीचर, सांभाळून घ्या."

कुरुविलांचे गुण होते: शून्य, शून्य, शून्य.

चौथ्या दिवशी टीचरांना युक्ती सुचली. "अच्चाया, नवा रूट मिळालाय तुम्हाला. स्टॉप लिहून घ्या. पहिला छत्री जंक्शन."

कुरुविला ताठ बसले. "दुसरा?"

"फणसवाडी. शेवटचा विहीरकाठ."

"छत्री जंक्शन, फणसवाडी, विहीरकाठ," कुरुविला एका दमात म्हणाले, आणि परतीचंही सांगितलं. "विहीरकाठ, फणसवाडी, छत्री जंक्शन. सुटायची वेळ?"

"मंगळवार."

"मंगळवार," कुरुविलांनी मान डोलावली.

सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. टीचरांनी वहीत चार लिहिले. त्या संध्याकाळी त्यांनी उकडलेला कप्पा, म्हणजे साबुकंद, आणि माशाची आमटी दोनदा वाढून घेतली, जे त्या एरवी कधी करत नसत. दुसऱ्या दिवशी कुरुविलांना रूट विचारला तर ते म्हणाले, माझी ड्युटी बदललीय. शून्य. त्यानंतर सोमवारपर्यंत शून्यच.

मंगळवारी सकाळी बावीस विद्यार्थी केसांना तेल लावून तयार बसले, आणि बंद पुकारला गेला. कुणी पुकारला आणि कशासाठी, याची चौकशी कुणी केली नाही, कारण तिकडे बंद हा पाऊसपाण्यासारखाच येतो. बस नाही, रिक्षा नाही, दुकान नाही. डॉक्टरचा फोन आला की तो उद्या येईल.

पेपर एक दिवसाने पुढे गेला. उत्तर बदललं.

परीक्षेच्या दिवशी शुद्धिपत्रक काढलं की काय होतं, हे टीचरांपेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? तरी बुधवारी सकाळी त्या पेजेच्या वेळी उभ्या राहिल्या आणि टेबलावर चमचा वाजवला. "नीट ऐका. आज बुधवार. उत्तर बुधवार. मंगळवार नाही."

"पण पुठ्ठ्यावर मंगळवार आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

"पुठ्ठा विसरा."

"विसरायचं नाही म्हणून तर नऊ दिवस बसलोय," पोत्तन म्हणाले.

डॉक्टर टिजो दहा वाजता आला आणि कार्यालयात बसला. त्याच्याकडे खोली क्रमांकाप्रमाणे यादी होती. पहिलाच नंबर पोत्तनचा. टीचर कार्यालयाच्या खिडकीखाली कढीपत्ता तोडायला गेल्या. त्या दिवशी त्यांनी इतका कढीपत्ता तोडला की पुढचे दोन आठवडे करुणालयात चहा सोडून प्रत्येक गोष्टीत कढीपत्ता होता.

"अप्पच्चा, आज वार कोणता?" आतून डॉक्टरचा आवाज आला. सगळ्या आजोबांना तो अप्पच्चा म्हणत होता.

"मंगळवार."

"नक्की?"

"हे बघा डॉक्टर," पोत्तन समजावणीच्या सुरात म्हणाले. "आज बुधवार आहे हे मला ठाऊक आहे. पण उत्तर मंगळवार आहे."

टीचरांनी कढीपत्त्याची अख्खी फांदीच मोडली.

"बरं," डॉक्टर म्हणाला. "आता मी तीन शब्द सांगतो, ते लक्षात..."

"छत्री, फणस, विहीर."

"मी अजून सांगितले नाहीत."

"सांगा की. मला कुठे घाई आहे?"

दुसऱ्यानेही मंगळवार सांगितला आणि शब्द आधीच सांगितले. डॉक्टरने तिसऱ्याला विचारताना शब्द बदलून चावी, मांजर, ढग केले, तेव्हा तिसरा खुर्चीतून उठला. "हे पोर्शनमध्ये नव्हतं," तो म्हणाला, आणि चौकशी करतो म्हणून निघून गेला.

रहेलम्मांनी डॉक्टरला ओळखलंच. तो त्यांचा बहरीनचा भाचा होता. "केवढा वाळलास रे बाळा," त्या म्हणाल्या. डॉक्टरने वार विचारला तेव्हा त्यांनी त्याचा हात हातात घेतला. "असलं सगळं टीचरला विचार. ती रोज शिकवते आम्हाला. आज पहिलाच दिवस आहे."

सातव्या खोलीचा नंबर आला तेव्हा टीचर पदराला हात पुसत आत गेल्या. बुधवार, करुणालय, त्र्याण्णव. त्यांनी घड्याळ काढलं आणि सवयीने त्यात कोनही दाखवला. चावी, मांजर, ढग. डॉक्टर त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिला.

त्यांच्यामागून कुरुविला आत गेले. टीचर पुन्हा खिडकीखाली आल्या. तोडायला पानं उरली नव्हती, म्हणून त्या नुसत्याच उभ्या राहिल्या.

"अप्पच्चा, आपण आता कुठे आहोत?"

"तुम्ही चेकिंगचे का?" कुरुविलांनी विचारलं. "गाडीत काही गडबड नाही. कंडक्टर चांगला आहे."

"चावी, मांजर, ढग. हे तीन शब्द म्हणा बरं."

"छत्री जंक्शन," कुरुविला म्हणाले. टीचरांनी खिडकीचा गज धरला. कुरुविलांचा आवाज जरा मंद झाला. "छत्री जंक्शन. मग पुढे... पुढे रस्ता खचलाय साहेब. मी गाडी वळवून आणली."

दुपारी फादर सखरिया स्कूटरवरून आले. डॉक्टरने कागद पुढे केला. तेविसांपैकी बावीस नापास.

"बावीस?" फादर म्हणाले. "केंद्रात चौदा खाटा आहेत. आणि बावीस जण गेले तर सिस्टर, तुम्ही इथे स्वयंपाक कुणासाठी करणार?"

"टीचरसाठी," सिस्टर लिल्ली म्हणाली.

सगळ्यांनी टीचरांकडे पाहिलं. तेवीस खाटा, एक स्वयंपाकीण, एक माळी, एक कुत्रा आणि शोशम्मा टीचर. कुत्र्यानेसुद्धा पाहिलं.

"थांबा फादर," डॉक्टर म्हणाला. "हा आकडा खरा नाही. मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या. टीचर, जरा ओसरीत येता?"

ओसरीत पुठ्ठा अजून भिंतीला टेकलेला होता. डॉक्टर त्याच्यासमोर पाटावर बसला. त्याचे गुडघे हनुवटीला लागले. या पाटावर तो चौथीतल्या पोरासारखा दिसत होता.

"मंगळवार," त्याने वाचलं. "छान अक्षर आहे."

"तुम्हाला रागवायचं असेल तर रागवा."

"कशाला रागवू? माझा प्रबंध याच विषयावर आहे. खेड्यांतल्या वृद्धाश्रमांत डिमेन्शिया किती जणांना असतो. सगळ्यांना वाटतं, गावच्या हवेत माणूस शेवटपर्यंत तल्लख राहतो. मी आतापर्यंत सहा ठिकाणी गेलो. सगळीकडे निम्म्याच्या वर आहेत. घरच्यांना माहीत नाही, काही ठिकाणी सांभाळणाऱ्यांनाही नाही. वय झालं म्हणतात आणि सोडून देतात." त्याने पुठ्ठ्यावरच्या फणसाच्या झाडाकडे पाहिलं. "मी एकदा येतो, पाच प्रश्न विचारतो आणि जातो. तुम्ही तीच परीक्षा नऊ दिवस घेतलीत. नऊ दिवसांत जे पाच उत्तरं पाठ करू शकले, त्यांची स्मरणशक्ती ठीकच असणार. पोत्तन अप्पच्चनचं उत्तर चुकलं, कारण त्यांना ते फारच पक्कं आठवत होतं. ज्यांना नऊ दिवसांत एकही उत्तर राहिलं नाही, ते खरे पेशंट."

तर्कात चूक नव्हती. त्यांनीच शिकवला असता तसा तर्क होता.

"तुम्ही गुण मांडले असणार," डॉक्टर म्हणाला. "माझी आई टीचर आहे. ती मला डबा खातानासुद्धा गुण द्यायची. ती वही मला द्या. तुमच्या वहीइतका खरा कागद मला कुठे मिळणार नाही."

"चहा झाल्यावर देते," टीचर म्हणाल्या.

त्या खोलीत आल्या. कुरुविला खाटेवर बसून पितळी ताटली वळवत होते. टीचरांनी दार लावलं, वही उघडली आणि पेनाचं टोपण काढलं.

कुरुविलांच्या ओळीत आठ शून्यं होती आणि एक चार. शून्याच्या डोक्यावर आणखी एक छोटं शून्य ठेवलं की इंग्रजी आठ होतो. आठ वेळा पेन फिरवायचं, बस्स. पोत्तनना आठ दिले असते तर त्यांनी फेरतपासणी मागितली असती, कुरुविला काही मागणार नव्हते.

एकोणतीस वर्षांपूर्वी टीचरांनी स्वतःच्या मुलाला सहामाहीत गणितात दोन गुणांनी नापास केलं होतं. तेव्हा कुरुविला आठवडाभर त्यांच्याशी बोलले नव्हते. आठव्या दिवशी एवढंच म्हणाले होते, "दोन गुण तुझ्या खिशातून जाणार होते का, शोशे?" मुलगा आता कॅनडात इंजिनिअर होता आणि हा किस्सा तिथल्या लोकांना रंगवून सांगायचा. टीचरांनी त्यावर कधी माफी मागितली नव्हती. विद्यार्थ्याने मिळवलेल्या गुणांना हात लावायचा नाही. वाढवायला नाही आणि कमी करायलाही नाही.

त्यांनी पहिल्या शून्यावर पेन टेकवलं. पेन तिथेच राहिलं.

"अच्चाया," त्या म्हणाल्या, "परत जंक्शनवर जाल?"

"गाडी माझी आहे," कुरुविला म्हणाले. "मी गेलो नाही तर लोक स्टॉपवर उभे राहतील."

करुणालयाच्या फाटकाला कुलूप नव्हतं. रस्ता शंभर पावलांवर होता, आणि त्यावरून हल्ली टिप्पर ट्रक जायचे. गेला महिनाभर टीचर रात्री आपल्या पदराचं टोक त्यांच्या मनगटाला बांधून झोपत होत्या. सकाळी सोडायच्या आणि कुणाला सांगायच्या नाहीत. ती तिसरी थाप म्हणायची की नाही, हे त्यांनी अजून ठरवलं नव्हतं.

ओसरीत चहाबरोबर केळ्याची भजी होती. डॉक्टरने एका हातात भजं धरलं आणि वही उघडली. तो एकेका नावावर बोट ठेवत खाली गेला आणि ओठांतल्या ओठांत मोजत राहिला. मग पहिल्याच, कुरुविलांच्या ओळीवर त्याचं बोट परत येऊन थांबलं. आठ शून्यं, एक चार. कुठे खाडाखोड नव्हती. त्याने टीचरांकडे पाहिलं. त्या बशीत चहा ओतत होत्या.

"तेरा," डॉक्टर म्हणाला. "तेविसात तेरा. म्हणजे..."

"छप्पन्न पूर्णांक बावन्न," टीचर म्हणाल्या. "टक्के."

"थँक्यू, टीचर." त्याने तो आकडा लिहून घेतला, आणि वही मिटता मिटता थांबला. बाविसाव्या नावाखाली आणखी एक ओळ होती. शोशम्मा. पुढे नऊ शून्यं, एका मापाची, ओळीत. त्याने बोट फिरवलं. बोटाला शाई लागली.

"टीचर, ही शाई ओली आहे."

"माझं नाव टाकायचं राहून गेलं होतं," टीचर म्हणाल्या. "विसरले होते. त्यावरूनच समजा."

"तुम्ही सकाळी पैकीच्या पैकी उत्तरं दिलीत."

"असं होतं कधी कधी. तुम्हीच सांगता ना, चांगले दिवस असतात, वाईट दिवस असतात."

"मी असं कुठे म्हणालो?"

"म्हणाला नसाल. मला काय आठवतंय?"

डॉक्टरने भजं खाली ठेवलं. खोलीच्या दारात कुरुविला उभे होते. त्यांनी तोंडाने हॉर्न वाजवला, वाट मोकळी आहे का पाहिलं आणि परत आत गेले.

"केंद्राचं फाटक बंद असतं," डॉक्टर हळू म्हणाला. "तिकडे गेलात की आपल्या मर्जीने बाहेर पडता येणार नाही. मैत्रिणी, शिकवणी, सगळं इथेच राहील. तुम्हाला नीट कळतंय ना?"

"कळत असतं तर शून्य मिळालं असतं का?"

डॉक्टरने वही मिटली. मग त्याने दोन कागद काढले. "हा माझ्या प्रबंधाचा. यात तेराच जाणार, इथे मी काही करू शकत नाही. हा फादरच्या यादीचा." त्याने पेन उचललं. "यादीत चौदा. पण त्याआधी एक प्रश्न विचारतो. शेवटचा. तेविसात चौदा म्हणजे किती टक्के?"

उत्तर टीचरांच्या जिभेवर आधीच येऊन बसलं होतं. चौतीस वर्षं कुणी गणित घातलं आणि ते सुटल्यावर त्या गप्प राहिल्या, असं कधी झालं नव्हतं. आमदार झालेल्या त्या मुलाच्या लग्नात पंगतीची पानं मोजतानासुद्धा झालं नव्हतं. त्यांनी भजं तोंडात घातलं आणि सावकाश चावलं. डॉक्टर वाट पाहत होता. पोत्तन कठड्यापलीकडून ऐकत होते, आणि त्यांना भागाकार येत नसल्यामुळे ते पहिल्यांदाच गप्प होते.

"मला काय ठाऊक," टीचर म्हणाल्या. "आकडे राहत नाहीत हो हल्ली डोक्यात."

डॉक्टरने यादीत चौदावं नाव लिहिलं. फादर सखरियांनी ती वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला. चौदा खाटा, चौदा नावं. देवाचं गणित कसं बरोबर असतं, असं ते म्हणाले. टीचरांनी मान खाली घातली आणि त्यांना दुजोरा दिला नाही.

शनिवारी चर्चची व्हॅन आली. पोत्तनना खूप राग आला होता, कारण दहापैकी दहा मिळवून ते मागे राहिले होते आणि ढ मुलं पुढच्या वर्गात चालली होती. टीचरांनी पुठ्ठा त्यांच्या स्वाधीन केला आणि शिकवणी बंद पडू देऊ नका म्हणून सांगितलं. रहेलम्मा नवा पदर नीट करून व्हॅनमध्ये बसल्या होत्या. त्या बहरीनला निघाल्या होत्या.

कुरुविलांना ड्रायव्हरच्या मागची जागा दिली. ते समोरच्या सीटचा दांडा धरून बसले आणि गाडी सुटल्याबरोबर तो वळवू लागले. घाटात त्यांनी ड्रायव्हरला दोन वेळा गिअर कमी करायला सांगितलं, आणि दोन्ही वेळा त्यांचं बरोबर होतं.

"शोशे, कुठे चाललोय?"

"तुमची बदली झालीय."

"एकट्याचीच?"

"नाही. माझीपण."

कुरुविलांनी मान डोलावली. नवराबायकोची एकत्र बदली करून घ्यायला किती खटपट लागते, हे सरकारी नोकराला सांगावं लागत नाही. नदीवरचा पूल आला. मागे चेंबनमला दिसेनासं झालं. टीचर त्यांच्याजवळ सरकल्या आणि इतर कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या,

"साठ पूर्णांक सत्त्याऐंशी."

"सुट्टे कंडक्टरकडे माग," कुरुविला म्हणाले, आणि त्यांनी गिअर बदलला.